सावडीला आलेला पंप

आमच्या जिल्ह्यात कॉफी पिकत नाही. इथला पाऊस बघता पिकणारही नाही, आणि उद्या कुणी अनुदान घेऊन पिकवायला निघालाच तर त्याच्या विरोधात पहिलं पत्रक मी काढीन. तरी ही हकीगत कॉफीपासूनच सुरू करावी लागते. आत्याच्या तुरीला स्वच्छ, म्हणजे बिनऔषधाच्या शेतीचा शिक्का मिळवायचा, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात.

आम्ही काही पोरं-पोरी तिथं एका कृषी प्रदर्शनाबाहेर पत्रकं वाटत होतो. फवारताना विषबाधा होणाऱ्या शेतमजुरांवरचं पत्रक होतं, मीच लिहिलेलं, आणि त्यात एकही वाक्य शांत नव्हतं. रखवालदारानं आम्हाला फाटकापासून हुसकलं. उन्हात उभं राहून वैताग आला म्हणून मी समोरच्या दुकानात शिरले. आत कपाटात कॉफीची पाकिटं मांडलेली. प्रत्येकावर हिरवं पान छापलेलं आणि खाली ओळ, की ही कॉफी माती आणि मजूर दोघांना न्याय देऊन पिकवलेली आहे.

माझं डोकं फिरलं. आम्ही बाहेर विषानं मेलेल्या माणसांची नावं वाटतोय आणि इथं न्याय पाकिटात भरून विकायला ठेवलाय. दुकान चालवणारी ताई गल्ल्यावर बसली होती. मी तिला विचारलं, हा न्याय कुणी तपासला? मजुराला कुणी विचारलं? कोणत्या भाषेत विचारलं? मालक बाजूला उभा होता की नव्हता? मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. ती म्हणाली, "मला खरंच नीट माहीत नाही. पिकवणाऱ्यांचा नंबर आहे माझ्याकडं. तुम्हीच विचारा आणि मलाही सांगा."

आता याच्याशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. तिनं मला बसायला लावलं, कपभर काळी कॉफी दिली. मला ती काढ्यासारखी लागली, तसं मी तोंडावर सांगितलं, तर तिनं गुळाचा खडा पुढं केला. मग सहज विचारलं, तुमच्याकडं काय पिकतं? मी म्हटलं, तूर. माझी आत्या औषधाचा थेंबही न वापरता तूर पिकवते. ताई म्हणाली, "ते कोण तपासतं?"

तिनं कुठलाही टोमणा मारला नव्हता. तिला डाळ हवी होती आणि खात्री हवी होती, एवढंच. पण माझाच प्रश्न माझ्या पुढ्यात ठेवला गेला होता. त्या ताईचे मी आजवर आभार मानलेले नाहीत. पत्रकात आभाराची सवय लागत नाही, तिथं सगळा जोर जाब विचारण्यावर. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी खरंच त्या कॉफीवाल्यांकडं गेले. माझं आजोळ उमरग्याचं, त्यामुळं कानडी कामापुरती येते. उमरग्यातून बस धरली, मग आणखी बस, मग आणखी. कॉफीचं शेत म्हणजे आपल्या रानासारखं मोकळं असेल अशी माझी कल्पना. बघते तर ते जंगलच. वर फणस, खोडांना मिऱ्याचे वेल, आणि त्यांच्या सावलीत कमरेएवढी कॉफीची झाडं. मालकानं प्रेमानं सगळं दाखवलं, पण मला मालकाकडून काही ऐकायचं नव्हतं. तो जेवायला गेल्यावर मी फळं तोडणाऱ्या एका बाईशेजारी जाऊन तोडायला लागले आणि तिला विचारलं, त्या शिक्क्यामुळं तुम्हाला काय मिळालं?

तिनं मूठभर फळं टोपलीत टाकली. मग म्हणाली, "संडासाला आतून कडी लागली."

मला राग आला. एवढंच? तिला माझा राग कळला असावा, कारण ती हसली आणि म्हणाली, तुम्ही कडी नसलेल्या संडासात कधी गेला नाहीत वाटतं. मजुरीही थोडी वाढली होती, तेही तिनं नंतर सांगितलं. पण आधी कडी आली. शिक्का म्हणजे फसवणूकच असणार, हे मी घरून ठरवून गेले होते. येताना तेवढं पक्कं राहिलं नाही.

तिथंच मी आणखी एक गोष्ट बघितली. गोदामात एक फवारणीचा पंप वेगळा टांगलेला होता, अंगभर हिरवा रंगवलेला. स्वच्छ रानात फक्त तोच पंप न्यायचा, दुसरा न्यायचा नाही, असा त्यांचा नियम. मला ते फार आवडलं. सोपं, डोळ्याला दिसणारं, अडाण्यालाही कळेल असं. मी त्याचा फोटो काढला आणि बसमध्ये सगळी वाट आत्याला काय काय सांगायचं ते ठरवत आले.

आत्याचं गाव येरमाळ्याहून आत. तिचे मालक, म्हणजे यजमान, उमरग्याला ट्रकच्या गॅरेजात आहेत, सणासुदीला येतात. रान आत्याच बघते. मी कामासाठी तिच्याकडंच राहते. माझी उरलेली पत्रकं ती धान्याच्या कोठीत तळाला अंथरते आणि म्हणते की त्यानं किडे पळतात.

शिक्क्याचं पुढं असं झालं. शेती तपासणाऱ्या कंपनीकडून दाखला घ्यायचा तर त्याचा खर्च ऐकूनच आमच्याकडचा माणूस उठून जाईल. यावर मी अजूनही भांडायला तयार आहे. ज्यानं विष मारलं नाही त्यानं पदरमोड करून ते सिद्ध करायचं, आणि ज्यानं मारलं त्याला कुणी काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय? पण दुसरी एक पद्धत आहे, तीही त्या कॉफीवाल्यांनीच सांगितली. शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांची रानं तपासायची. एका गावच्या गटाचं रान दुसऱ्या गावच्या गटानं बघायचं. तीन वर्षं स्वच्छ राहिलं तर त्या रानाला पूर्ण शिक्का. मध्ये काही निघालं तर ते रान पुन्हा पहिल्या वर्षाला. आमची तपासणी भूम तालुक्यातल्या ईटच्या गटाकडं आली.

आत्या गटात सगळ्यात आधी आली. रानात औषध तिनं कधीच वापरलं नव्हतं, पण गटात येणं म्हणजे चार लोकांनी येऊन आपल्या रानात वाकून बघायचं, हे तिच्यासारख्या बाईला सोपं नव्हतं. पहिल्या वर्षी तपासणीला माणसं आली तेव्हा ती घरात स्वैपाक करत बसली होती, बाहेरच आली नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत ती स्वतः दुसऱ्यांच्या रानात जाऊन ढेकूळ फोडून वास घ्यायला लागली होती. मालक गॅरेजातून फोन करून विचारायचे, यंदा शिक्का का? ती म्हणायची, यंदा. तिला त्या हिरव्या पानाचं किती वाटतं, हे मला तिच्या त्या एका शब्दावरून कळायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मालावर तिचं नाव लागणार होतं.

पंपही रंगवला होता. मी फोटो दाखवला तर आत्यानं दाराच्या चौकटीला लावून उरलेला हिरवा रंग काढला आणि आमचा पंप हिरवागार करून टाकला. गोठ्याच्या खुंटीला तो लांबून दिसायचा. माझ्या मते प्रश्न सुटला होता.

पण कॉफीच्या त्या बागेत सावड नव्हती. तिथं मालक होता आणि मजूर होते. आमच्याकडं सावड आहे. जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगते. आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या रानात. पैशाची देवघेव नाही. आत्याची सावड बांधापलीकडच्या मामांशी. ते गावकीनं तिचे दीर लागतात, ती त्यांना भाऊजी म्हणते, ते तिला वहिनी. तिची पेरणी त्यांच्या बैलांनी, त्यांची खुरपणी तिच्या हातानं. मालक बाहेरगावी असलेल्या बाईचं रान पडीक पडलं नाही, ते या सावडीमुळं. मामा आमच्या गटात नव्हते. त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले होते, "तुमच्या गटात आलो की म्या खुरपून खुरपून मरंन."

आणि सावडीची एक रीत आहे, जी कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही. सावडीला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. खुरपं त्याचं, बैल त्याचे, दोरसुद्धा त्याचा. ज्याच्या रानात जायचं त्याची अवजारं झिजवणं कमीपणाचं.

तूर फुलोऱ्यात आली तेव्हा शेंगअळी पडू नये म्हणून निंबोळीचा अर्क फवारायचा होता. मी त्या दिवशी कळंबला बैठकीला गेले होते. मामा सावडीला आले, आणि रीतीप्रमाणं आपला पंप पाठीला लावून आले. आत्यानं घरी भिजवून गाळलेला अर्क अर्धा आपल्या हिरव्या पंपात भरला, अर्धा त्यांच्या पंपात. दोघं दोन बाजूंनी फवारत आले, मध्ये भेटले, चहा पिऊन मामा घरी गेले. संध्याकाळी मी आले तेव्हा आत्यानं हे सगळं मला आनंदानं सांगितलं. मीही ऐकलं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण माझं लक्ष बैठकीत कोण कुणाला काय बोललं याच्यावर होतं.

काही दिवसांनी आत्यानं मला रानात बोलावलं. फोनवर कारण सांगितलं नाही. मी गेले तर ती तासात, तुरीच्या ओळीत, उकिडवी बसलेली. तुरीचे शेंडे वाकले होते. पानं वाटीसारखी आत वळलेली, देठं कुणीतरी पिळल्यासारखी. त्या बाजूची सगळी तासं तशीच. आणि जिथं हिरवा पंप फिरला होता तिथून पुढं तूर सरळ, पिवळ्या फुलांनी भरलेली. मधली रेघ एखाद्या पोरानं आखावी इतकी स्पष्ट. मामांनी त्याच्या आधी आपल्या बांधावरच्या गाजरगवतावर तणनाशक मारलं होतं, त्याच पंपानं. पंप त्यांनी धुतला होता, पण ते औषध नुसत्या पाण्यानं जात नाही. तुरीला त्याचा वाससुद्धा पुरतो.

मी आत्याला विचारलं, आपला हिरवा पंप असताना तुम्ही त्यांचाही का भरलात? माझा आवाज चढला होता. आत्या उठली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "सावडीला आलेल्या मानसाला म्हनू का, की तुमचं अवजार घरी ठिवा? त्यांच्या घरचं पानी नको म्हनल्यागत झालं की ते."

मी तिथूनच मामांच्या घरी गेले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तणनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो तो कशासाठी असतो, दुकानदार सांगत नाही म्हणून तुम्हीही विचारत नाही का, एका बाईची तीन वर्षं तुमच्या एका पंपानं गेली, असं बरंच. मामा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "धुतला व्हता की गं. वहिनीच्या रानात न्यायचा म्हनून चांगला खळखळून धुतला व्हता."

त्यांनी दोर खाली ठेवला आणि माझ्याबरोबर रानात आले. वाकलेल्या तुरीचे शेंडे एकेक करून उलटून बघितले. आत्या पलीकडं भारा बांधत होती, तिच्याकडं ते गेले नाहीत. तिनंही हाक मारली नाही. तसेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी गट बसला, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. ईटची माणसं तपासणीला यायची वेळ जवळ आली होती. एका भाऊंनी सुचवलं की वाकडी झाडं उपटून लांब नेऊन टाकावीत, तासं विरळ दिसली तर पेरताना बी कमी पडलं म्हणून सांगावं. हे त्यांनी काही बदमाशीनं सांगितलं नाही, आत्याच्या मायेपोटीच सांगितलं. मी त्यांच्यावर तुटून पडले. लपवायचं असेल तर त्या औषध कंपन्यांत आणि आपल्यात फरक काय? मग माझा स्वतःचा ठराव मांडला, घरून लिहूनच आणला होता. गटातल्या कुणीही गटाबाहेरच्या माणसाशी सावड करायची नाही. आजपासून बंद. मी तो वाचून दाखवला, चांगला खणखणीत. त्यातली वाक्यं मला अजूनही आवडतात.

सगळे आत्याकडं बघत होते, कारण गटाबाहेरच्यांशी सावड असलेली ती एकटी नव्हती, पण रान तिचं गेलं होतं. आत्या खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "झाडं उपटायची न्हायत आन सावडबी मोडायची न्हाय. ईटच्यास्नी येऊ द्या. काय झालं ते म्याच सांगते." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "पोरी, तुझं पत्रक माझी पेरनी करनार हाय का?"

लोक हसले. मीही शेवटी हसले, पण ठराव मागं घेतला नाही. तो मताला टाकला आणि पडला. माझ्या बाजूनं फक्त माझा हात होता.

एक मात्र सांगते. त्या दिवशी झाडं उपटली असती तर कुणाला कळलं नसतं. ईटची माणसं काही प्रयोगशाळा घेऊन येत नव्हती. आत्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तिनं स्वतः दुसऱ्यांची रानं तपासली होती. हिरव्या पानासाठी तिचा जीव किती टांगणीला लागलेला, हे मी रोज घरात बघत होते. रात्री जेवताना तिनं विषयही काढला नाही. फक्त मालकांचा फोन आला तेव्हा, यंदा का, या प्रश्नावर ती म्हणाली, "बघू."

ईटची माणसं जीपनं आली. त्यांच्या म्होरक्या एक काकू होत्या, उंच, पदर खोचलेला, बोलणं आमच्यासारखंच पण जरा तिखट. पहिल्यांदा मला बघून म्हणाल्या, "ही का ती पत्रकवाली? आमच्या गावातबी आलं व्हतं तुझं पत्रक. लई वराडतं गं." पाणी प्यायल्यावर त्या उठल्या आणि सरळ आत्याच्या रानाकडं निघाल्या. आत्या त्यांच्या पुढं चालली. बांधावर पोचायच्या आधीच तिनं सांगायला सुरुवात केली. काकूंनी काही विचारायची वाट तिनं बघितलीच नाही. कोण आलं, कोणता पंप, त्यात आधी काय होतं, कुठून कुठपर्यंत फवारलं. मामांचं नाव घेताना मात्र तिनं एवढंच म्हटलं की आमच्या सावडीच्या माणसाकडून चुकून झालं, भरून मीच दिलं होतं.

काकू वाकड्या तासातून चालल्या, सरळ तासातून चालल्या. एक शेंडा मोडून हातात घेतला. मी त्यांच्या मागं मागं होते आणि मला गप्प बसवेना. मी म्हटलं, निम्मं रान तर स्वच्छ आहे, रेघ दिसतेय, निम्म्याला तरी शिक्का द्या. ज्या बाईनं स्वतःहून सांगितलं तिलाच शिक्षा देणार, मग उद्या सांगेल कोण? काकूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग आत्यालाच म्हणाल्या, "बाई, नियम मोडायला मला येत न्हाय. माझं सोताचं रान गेल्या साली असंच मागं गेलंय, म्या बी रडले. पर आज तुमचं निम्मं सोडलं तर उद्या माझं निम्मं सोडा म्हनंन म्या."

आत्यानं मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं. रान पहिल्या वर्षाला गेलं. बाकीच्या गटाचा शिक्का राहिला, आणि तो राहिला याला कारण आत्या. एकानं लपवलं आणि पुढं उघड झालं तर सगळा गट बाद होतो.

तेवढ्यात बांधावर मामा दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मुंडासं नीट बांधून, धुतलेला सदरा घालून आले होते, जसं सोयरिकीला जावं तसे. काकूंनी विचारलं, हे कोण? आत्या म्हणाली, "आमचे भाऊजी. सावडीचे." मामा बांध उतरून आत आले आणि आत्याकडं न बघता काकूंना म्हणाले, "वहिनीचं काय ठरलं?"

काकूंनी सांगितलं. पहिलं वर्ष.

मामा म्हणाले, "मंग माझंबी पयलं वर्ष धरा."

काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, "का हो, शिक्षा म्हनून का काय? असं कुनी येत न्हाय गटात. खुरपायला लागंल, बांधसुदिक हातानं साफ करायला लागंल."

"शिक्षा कशाची," मामा म्हणाले. "सावड हाय. फुडच्या साली ह्यांच्या रानात फवाराया यायचंच हाय मला. तवा पंप माझा मला संगं आनता आला पायजे. दुसऱ्याचा पंप पाठीला लावून म्या सावडीला जात न्हाय."

आत्या तोवर त्यांच्याकडं बघत नव्हती. आता बघितलं. मग म्हणाली, "त्यो पंप न्हाय चालायचा भाऊजी. नवा घ्यावा लागंल."

"घेतो की."

"आन पुन्यांदा बांधाला काय मारायचं न्हाय."

"न्हाय मारत. तुमची ही पुढारीन हाय ना उपटाया." माझ्याकडं बोट.

काकूंनी त्यांना लगेच घेतलं नाही. तसं घेता येत नाही, गटानं आधी बसून ठरवायचं असतं. पण आमच्या लोकांनी तिथंच, तुरीत उभ्या उभ्या ठरवून टाकलं. माझा हातही वर होता. ठराव माझाच पडला होता, पण सावड गटाबाहेर राहायला नको हे माझं म्हणणं मामांनी दुसऱ्या बाजूनं पुरं केलं, असं मी आत्याला संध्याकाळी म्हटलं. ती म्हणाली, तसं लिव पत्रकात.

तूर काढली तेव्हा आत्याचा माल कळंबच्या बाजारात गेला, आडतीवर, इतरांच्या ढिगाशेजारी ओतला. कुणी त्यात बोट घालून बघितलंही नाही. मला तिथं रडू आलं, आत्याला नाही. गटातल्या बाकीच्यांची डाळ पुण्याला गेली. मी त्या दुकानातल्या ताईला फोन करून सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ती म्हणाली, आत्यांची येईल तेव्हा जागा आहे, मी थांबते. एवढंच म्हणाली. दिखाव्याची दयाबिया काही दाखवली नाही, आत्याची डाळ शिक्क्याशिवाय गुपचूप विकते असंही म्हणाली नाही. तिचे उपकार त्यासाठी जास्त वाटतात.

माझं मन अजून शांत नाही, आणि ते तसं राहावं असंच मला वाटतं. तणनाशकाची बाटली आजही येरमाळ्यात चहाच्या पुड्याइतक्या सहज मिळते, आणि पंप कसा धुवायचा हे विकणारा एका शब्दानं सांगत नाही. यावर पत्रक निघेल. पण मागं वळून बघते तेव्हा दिसतात ती ही माणसं. जी म्हणाली, मला माहीत नाही. जी म्हणाली, कडी लागली. जी म्हणाली, नियम मोडायला मला येत नाही. मामा, जे धुतलेला सदरा घालून आले. आणि आत्या, जिनं हातातला शिक्का जाताना बघितला आणि कुणाचं नाव पुढं केलं नाही. मला यातल्या एकानंही शिकवायला म्हणून काही सांगितलं नाही. ती आपापलं काम करत होती, मी मध्ये मध्ये ओरडत होते. तरी त्यांनी मला जवळ बसू दिलं, खाऊ घातलं, बोलू दिलं.

यंदा दोन्ही रानांचं पहिलं वर्ष आहे. पाऊस उघडला की मामा सकाळीच आत्याच्या ओट्यावर येऊन बसतात आणि आत मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "पुढारीन उठली का? बांध वाट बगतोय." गाजरगवत हातानं उपटलं की कोपरापर्यंत खाज सुटते आणि दिवसभर जात नाही, हे माझ्या कुठल्याही पत्रकात नव्हतं. आत्या खोबरेल लावायला देते. मामा लावत नाहीत, म्हणतात तेलाचे हात घेऊन दोर धरता येत नाही. मग दोघं त्यावरून भांडतात, मी माझ्या बाजूचं गवत उपटत पुढं जाते, आणि बांधाचा तेवढा तुकडा त्या दिवसापुरता स्वच्छ होतो.